केंद्रकी दिसत नाही, कारण ती तुम्हीच धुऊन टाकता: कांद्याच्या दोन स्लाइड, पायरीपायरीने

प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की आमच्या प्रयोगशाळेत तेच तेच ऐकू येतं. "मॅडम, सगळं नुसतं लाल दिसतंय." "मॅडम, केंद्रक सापडलं, पण केंद्रकी कुठाय?" जर्नलात मात्र प्रत्येक केंद्रकाच्या मधोमध एक ठसठशीत काळा ठिपका असतो आणि बाण काढून 'केंद्रकी' (केंद्रकातला छोटा गोल भाग, न्यूक्लिओलस) असं लिहिलेलं असतं. तो ठिपका स्लाइडवरून आलेला नसतो, गेल्या वर्षीच्या जर्नलातून आलेला असतो.

घोटाळ्याचं मूळ एकच आहे. मुलं एकाच स्लाइडवर गुणसूत्रंही शोधतात आणि केंद्रकीही. मुळाच्या टोकाच्या स्लाइडसाठी गरम हायड्रोक्लोरिक आम्ल वापरावं लागतं आणि हे आम्ल पेशीतला आरएनए काढून टाकतं. केंद्रकी असते ती प्रामुख्याने प्रथिनं आणि आरएनएची. मग ती रंग कशी घेणार? त्या स्लाइडवर ती रंगलेल्या केंद्रकातला फिकट गोल म्हणून दिसते. मुलं काळा ठिपका शोधत राहतात आणि फिकट गोलावरून नजर पुढे जाते.

म्हणून दोन स्लाइड करायच्या. पहिली मुळाच्या टोकाची, पेशीविभाजनाच्या चार अवस्थांसाठी (पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था). दुसरी कांद्याच्या पापुद्र्याची, खास केंद्रकीसाठी. पहिलीला आठवडाभर आधी सुरुवात करावी लागते, दुसरी अर्ध्या तासात होते.

पायरी १: कांदा निवडा

मुळाचा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच, सूक्ष्मदर्शी कपाटातून बाहेर निघायच्या आधी.

काढणीनंतर कांदा काही आठवडे झोपलेला असतो. उन्हाळी कांद्याची ही झोप मोठी असते, म्हणून तर तो साठवणुकीत टिकतो. एप्रिल-मेमध्ये नुकताच काढलेला उन्हाळी कांदा पाण्यावर ठेवलात तर आठ दिवसांतही मुळं फुटतील याची खात्री नाही. खरिपाचा लाल कांदा उलट स्वभावाचा आहे. तो टिकत नाही, लवकर कोंब आणि मुळं धरतो. व्यापाऱ्याच्या डोक्याला तो ताप, आपल्याला तोच हवा. डिसेंबर-जानेवारीत आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डात लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हाच दोन किलो घेऊन ठेवा. फेब्रुवारीच्या परीक्षेपर्यंत सराव आरामात होतो.

निवडताना मध्यम आकाराचे, घट्ट, बुडाशी ओल किंवा काळी बुरशी नसलेले कांदे घ्या. बुडाची चकती शाबूत हवी, कारण मुळं तिथूनच फुटतात. कोंब येऊ नये म्हणून किरणांची प्रक्रिया केलेला कांदाही बाजारात असू शकतो. असली प्रक्रिया करणारं केंद्र आपल्या राज्यात लासलगावला आहे. तसा कांदा हाती लागला तर मुळांची वाट पाहण्यात अर्थ नाही. म्हणून एकाच पिशवीतल्या कांद्यांवर विसंबू नका, दोन ठिकाणांहून घ्या. कांदा दगा देतोय असं वाटलं तर लसणाच्या पाकळ्या लावा. लसणाच्या पेशीतही १६ गुणसूत्रं असतात आणि पद्धत तीच चालते.

कांदाच का, असं तोंडी परीक्षेत विचारतात. त्याची गुणसूत्रं संख्येने कमी आणि आकाराने मोठी असतात. कांद्याच्या जनुकसंचातला डीएनए माणसाच्या सुमारे पाचपट आहे आणि तो इतक्या कमी गुणसूत्रांत बसलेला आहे. साध्या सूक्ष्मदर्शीत ती दिसतात ती यामुळे.

पायरी २: मुळं वाढवा

१. सुकलेली जुनी मुळं ब्लेडने खरवडून काढा. चकतीत ब्लेड घुसू देऊ नका.

२. रुंद तोंडाच्या बाटलीवर कांदा असा बसवा की फक्त चकती पाण्याला टेकेल. कांदा लहान असेल तर तीन बाजूंनी टूथपिक टोचून तोलून धरा. अर्धा कांदा पाण्यात बुडाला तर तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नाक धरून फिरावं लागतं.

३. पाणी रोज बदला. नळाला पाणी आल्याबरोबर भरलेलं घेऊ नका, त्यात क्लोरीन असतो. रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेलं घ्या. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे साठवलेलं पाणी घरोघरी असतंच. बोअरचं जड पाणी टाळा.

४. बाटल्या सावलीत, थंड जागी ठेवा. मुळांना २० ते २५ अंश तापमान मानवतं. मार्चनंतर सोलापुरात खिडकीजवळच्या बाटलीतलं पाणी दुपारी चांगलंच तापतं आणि मुळांची टोकं तपकिरी पडतात. बाटलीभोवती ओलं फडकं गुंडाळा, किंवा माठाशेजारच्या कोपऱ्यात ठेवा.

साधारण तीन-चार दिवसांत मुळं दीड-दोन सेंटिमीटर होतात. तेवढी पुरेत. पाच-सहा सेंटिमीटर वाढू दिली तर वेग मंदावतो आणि विभाजन पावणाऱ्या पेशी कमी सापडतात.

तपासा: टोक पांढरं, टणक आणि किंचित पिवळसर छटेचं असावं. पारदर्शक, लिबलिबीत किंवा तपकिरी टोक टाकून द्या. मेलेल्या टोकावर कितीही रंग घातला तरी विभाजन दिसणार नाही.

सावध: गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीआधी बाटल्या लावू नका. मी एकदा लावल्या होत्या. अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम असं सगळं आटोपून कॉलेजात आले, तेव्हा बाटल्यांत पाणी नव्हतं आणि मुळांच्या जागी तपकिरी धागे होते.

पायरी ३: सकाळी तोडा, लगेच स्थिर करा

मुळं सकाळी ८ ते १० च्या दरम्यान तोडायची अशी आमच्याकडची जुनी रीत आहे आणि माझा अनुभव तिच्या बाजूने आहे. दुपारी दोनला तोडलेल्या मुळांत मला अवस्था कमीच मिळाल्या. प्रॅक्टिकलची बॅच दुपारची असेल तर हे काम आदल्या दिवशी सकाळी उरकायचं.

स्थिरीकरण म्हणजे पेशी ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत तिला थांबवणं. त्यासाठी ३ भाग अॅब्सोल्यूट अल्कोहोल आणि १ भाग ग्लेशियल अॅसेटिक आम्ल मिसळा. मिश्रण त्याच दिवशी करा, साठवून ठेवलेलं चालत नाही. अॅब्सोल्यूट नसेल तर निदान रेक्टिफाइड स्पिरिट घ्या. दिव्यात घालायचं निळं स्पिरिट चालणार नाही.

हिवाळ्यात एक गंमत होते. ग्लेशियल अॅसेटिक आम्ल १६.६ अंशांना गोठतं. जानेवारीतल्या गार सकाळी कपाट उघडलं की बाटलीत काचेसारखा खडा दिसतो. आम्ल खराब झालं म्हणून ओतून देऊ नका. बंद बाटली कोमट पाण्यात उभी करा, वितळतं. ज्योतीजवळ मात्र नेऊ नका, त्याची वाफ पेट घेते.

मुळाचं शेवटचं एक सेंटिमीटर कापून थेट या मिश्रणात टाका. आधी सगळी मुळं कागदावर तोडून ठेवायची आणि मग एकदम टाकायची, असं करू नका. मुळं २४ तास मिश्रणात राहू द्या. स्लाइड लगेच करायची नसेल तर नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवा, कित्येक आठवडे टिकतात. डबीवर तारीख आणि तोडल्याची वेळ लिहा.

बीएस्सीच्या काही मुलांनी कुठेतरी वाचलेलं असतं की स्थिरीकरणाआधी मुळं पॅराडायक्लोरोबेंझिनच्या द्रावणात ठेवावीत. गुणसूत्रं मोजायची असतील तर ते बरोबर आहे. त्याने गुणसूत्रांना ओढणारे तर्कूचे धागे मोडतात आणि पेशी मध्यावस्थेपाशी अडकतात. पण मग पश्चावस्था आणि अंत्यावस्था मिळत नाहीत. चारही अवस्था काढायच्या असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ४: आम्ल आणि रंग

आधी द्रावणं तयार हवीत. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लासाठी सुमारे ८.३ मिलिलिटर संहत आम्ल ८० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात हळूहळू सोडा आणि मग पाणी घालून १०० करा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. ४५ टक्के अॅसेटिक आम्लासाठी ४५ मिलिलिटर ग्लेशियल आणि ५५ मिलिलिटर पाणी. रंग अॅसिटोकार्माइन किंवा अॅसिटोऑर्सिन, जो असेल तो, पण गाळलेला हवा. न गाळलेल्या रंगातले कण हेच गुणसूत्र समजून मुलांनी मला अनेकदा आनंदाने हाक मारली आहे.

१. मुळं ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा धुवा. मिश्रणातलं आम्ल आणि अल्कोहोल जायला हवं.

२. ६० अंशांच्या आम्लात ५ ते १० मिनिटं ठेवा. मी ८ धरते. वॉटर बाथ नसेल किंवा वीज गेली असेल तर स्टीलच्या भांड्यात गरम पाणी घ्या, त्यात आम्लाची परीक्षानळी उभी करा आणि थर्मामीटर आम्लात धरा. पाणी निवलं की थोडं थोडं गरम पाणी घालत राहा.

ही पायरी मुलं वेळ वाचवायला गाळतात आणि मग दिवसभर झगडतात. वनस्पतीच्या पेशी पेक्टिनच्या थराने एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. आम्ल तो थर सैल करतं, म्हणून नंतर दाबल्यावर पेशी एका पातळ थरात पसरतात. आम्ल नाही तर पेशींचा गठ्ठा तसाच राहतो आणि 'सगळं नुसतं लाल' दिसतं.

३. पाण्यात अलगद धुवा. आता मूळ मऊ झालेलं असतं, चिमट्याने टोक पकडू नका, मागची बाजू पकडा.

४. वॉचग्लासमध्ये रंगात १५-२० मिनिटं झाकून ठेवा. घाई असेल तर दिव्यावरून दोन-तीनदा फिरवा. वाफ दिसली की काढा, उकळू देऊ नका.

तपासा: टोकाचा साधारण दोन मिलिमीटर भाग बाकीच्या मुळापेक्षा गडद झालेला दिसला पाहिजे. तिथे विभाजी ऊती असते. पेशी लहान, दाटीवाटीने बसलेल्या आणि प्रत्येकीत मोठं केंद्रक, म्हणून रंग तिथे जास्त धरतो. सगळं मूळ सारखंच रंगलं असेल तर टोक तुटून गेलेलं आहे, दुसरं घ्या.

पायरी ५: दाबा, पण घासू नका

गडद टोक तेवढं कापून स्वच्छ स्लाइडवर घ्या, बाकीचं मूळ फेकून द्या. लोभाने अर्धा सेंटिमीटर ठेवलात तर लांबट, विभाजन थांबलेल्या पेशींची गर्दी होते. त्यावर ४५ टक्के अॅसेटिक आम्लाचा एक थेंब टाका आणि सुईने टोक दोन-तीन तुकड्यांत मोडा. कव्हरस्लिप तिरकी टेकवून सावकाश सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत.

आता पेन्सिलच्या मागच्या टोकाने कव्हरस्लिपवर हलके ठोके द्या. गुलाबी ठिपका ढगासारखा पसरताना दिसेल. मग स्लाइड टिपकागदाच्या घडीत घालून टेबलावर ठेवा आणि अंगठ्याने सरळ खाली, जोरात, एकदाच दाबा. अंगठा फिरवायचा नाही. हुरडा चोळल्यासारखा फिरवला की पेशी गुंडाळल्या जातात, गुणसूत्रं एका पेशीतून दुसरीत गेल्यासारखी दिसतात आणि कव्हरस्लिपही फुटते.

तपासा: स्लाइड पांढऱ्या कागदावर धरा. डाग फिकट आणि एकसारखा पसरलेला हवा. मध्ये गडद गोळा उरला असेल तर पुन्हा ठोका, पुन्हा दाबा.

पायरी ६: सूक्ष्मदर्शीखाली काय शोधायचं

१०एक्सवर सुरुवात करा. थेट ४०एक्स लावणारा अर्धा तास हरवतो. आधी चौकोनी, लहान, मोठ्या केंद्रकाच्या पेशींचा पट्टा शोधा, मग ४०एक्सवर जा. डायफ्राम थोडा मिटवा, कडा स्पष्ट होतात.

बहुतांश पेशी विभाजन पावत नसतात. शंभर पेशींत पाच-दहा विभाजनात मिळाल्या तरी स्लाइड चांगली आहे. तेव्हा पहिल्याच क्षेत्रात मध्यावस्था दिसली नाही म्हणून स्लाइड टाकू नका, सरकवत राहा.

विभाजन न पावणाऱ्या पेशीत केंद्रक गोल आणि दाणेदार रंगलेलं असतं, आणि त्यात एक किंवा अधिक फिकट, स्वच्छ कडेचे गोल दिसतात. तीच केंद्रकी. फाइन फोकस किंचित पुढेमागे करा. केंद्रकी केंद्रकाबरोबरच स्पष्ट आणि अस्पष्ट होते. हवेच्या बुडबुड्याला जाड काळी कड असते आणि तो कुठल्याही पातळीवर, पेशीच्या बाहेरही सापडतो.

हा फिकट गोल अवस्था ओळखायलाही कामी येतो, आणि हे फार कमी मुलं वापरतात. धागे जाड होऊ लागलेत पण फिकट गोल अजून आहे, तर ती सुरुवातीची पूर्वावस्था. धागे स्पष्ट आहेत आणि गोल गेला, तर पूर्वावस्था संपत आली. मध्यावस्था आणि पश्चावस्था यांत केंद्रकी नसते. मध्यावस्थेत १६ गुणसूत्रं पेशीच्या मधोमध, पश्चावस्थेत प्रत्येक ध्रुवाकडे (पेशीच्या टोकाकडे) १६. अंत्यावस्थेत नव्या दोन केंद्रकांत पुन्हा छोटे छोटे फिकट ठिपके उगवतात, पुढे ते वाढतात आणि एकमेकांत मिसळतात.

केंद्रकी अशी जाते-येते कशी? तिला आवरण नाही. गुणसूत्रांवरच्या ठरावीक जागी रायबोझोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या कणांच्या) आरएनएची जनुकं शेकड्याने रांगेत असतात. त्या जनुकांचं काम चालू असतं तोवर त्यांच्याभोवती आरएनए आणि प्रथिनं जमतात आणि तो जमाव म्हणजे केंद्रकी. विभाजनात गुणसूत्रं आवळली जातात, काम थांबतं, जमाव पांगतो.

पायरी ७: केंद्रकीची स्वतंत्र स्लाइड

इथे आम्ल तापवायचं नाही, ठोकायचं नाही.

१. कांद्याचा मांसल पापुद्रा घ्या. आतल्या, खोलगट बाजूचा पातळ पडदा चिमट्याने सोला. बाहेरच्या बाजूचा नको, लाल कांद्यात तिथल्या रिक्तिकांमध्ये रंगद्रव्य असतं आणि ते आड येतं.

२. अर्धा सेंटिमीटरचा तुकडा कापून ३:१ मिश्रणात १० मिनिटं ठेवा, मग पाण्यात धुवा. तुकडा गुंडाळत असेल तर पाण्यातच सुईने उलगडा, स्लाइडवर ओढाताण करू नका.

३. ०.०५ टक्के टोल्युइडिन ब्लूचा थेंब, एक-दोन मिनिटं, नंतर पाण्याने धुवा. आरएनए असलेली केंद्रकी जांभळट, उरलेलं केंद्रक निळसर दिसतं. मिथाइल ग्रीन-पायरोनिन असेल तर आणखी छान. डीएनए हिरवट-निळा आणि केंद्रकी गुलाबी येते. काहीच नसेल तर पातळ आयोडीन. केंद्रक पिवळट होतं आणि केंद्रकी त्यात वेगळी उठून दिसते, फक्त प्रकाश कमी ठेवावा लागतो.

४. ४०एक्सवर एका केंद्रकात किती केंद्रकी आहेत ते दहा पेशींत मोजा. कांद्यात एक ते चार मिळतात. शेजारच्या केंद्रकात एक आणि ह्यात तीन दिसल्या म्हणून चूक झाली असं नाही. वेगवेगळ्या गुणसूत्रांवर तयार झालेल्या केंद्रकी जवळ आल्या की एकत्र होतात.

आता मुळाच्या स्लाइडवरचे फिकट गोल आठवा आणि केंद्रकाच्या मानाने आकाराची तुलना करा. वाढत्या, विभाजन पावणाऱ्या पेशीला प्रथिनं भराभर लागतात, त्यासाठी रायबोझोम जास्त लागतात, म्हणून तिथे केंद्रकी केंद्रकाचा मोठा भाग व्यापते. पापुद्र्यातली पेशी वाढ संपवून बसलेली असते, तिथे ती लहानखुरी.

पायरी ८: जर्नल आणि तोंडी परीक्षा

जे दिसलं तेच काढा. केंद्रकीभोवती दुहेरी रेघ काढू नका. दुहेरी आवरण केंद्रकाला असतं. मध्यावस्थेच्या आकृतीत केंद्रकी काढली की परीक्षक समजतो, मूल स्लाइड न बघता काढतंय. कांद्याच्या पेशीत ध्रुवांवर तारककेंद्रही काढू नका, ते प्राणीपेशीच्या आकृतीतून आलेलं असतं. अंत्यावस्थेनंतर पेशी बाहेरून चिमटली जात नाही, मधोमध पेशीपट्टिका (नव्या भिंतीची सुरुवात) तयार होते.

पुस्तकात केंद्रकीचे तीन भाग दिलेले असतात: तंतुमय केंद्र, त्याभोवती दाट तंतुमय भाग आणि बाहेर कणमय भाग. ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत दिसतात. प्रॅक्टिकलच्या आकृतीत ते काढणं म्हणजे खोटी साक्ष. तोंडी विचारलं तर सांगा: पहिल्या दोन भागांच्या सीमेवर आरएनए पॉलिमरेज-१ हे विकर लांब आरएनए बनवतं, दाट भागात त्याची काटछाट सुरू होते आणि कणमय भागात प्रथिनांबरोबर जुळणी होते. काटछाटीतून वनस्पतीत १८एस, ५.८एस आणि २५एस (एस हे रेणूच्या आकाराचं माप) असे तीन आरएनए निघतात. ५एस मात्र केंद्रकीबाहेर, दुसऱ्या विकराकडून तयार होतो आणि नंतर येऊन मिळतो.

आणखी एक उत्तर जपून द्या. 'केंद्रकीत रायबोझोम तयार होतात' हे अर्धवट आहे. तिथे लहान आणि मोठं अशी दोन उपएककं वेगवेगळी तयार होतात, केंद्रकावरणातल्या छिद्रांतून बाहेर पडतात आणि प्रथिन बनवायची वेळ आली की पेशीद्रव्यात एकत्र येतात. प्रथिनांचा कच्चा माल मात्र उलट्या दिशेने, बाहेरून आत आलेला असतो.

स्लाइड परीक्षेपर्यंत ठेवायची असेल तर कव्हरस्लिपच्या चारही कडा टिपकागदाने कोरड्या करून पारदर्शक नेलपेंटने बंद करा आणि आडवी ठेवून फ्रिजमध्ये टाका. चार-पाच दिवस चांगली राहते. चांगली अवस्था सापडली की सूक्ष्मदर्शीच्या स्टेजवरचे दोन्ही आकडे वहीत टिपून ठेवा, नाहीतर परीक्षेच्या दिवशी तीच पेशी पुन्हा शोधण्यात वीस मिनिटं जातात.